चौदा नंबरचा वाघ

अस्वलाचा फोटो ठेवतात. सायाळीचा ठेवतात. रानमांजराचा तर कौतुकाने चार जणांना दाखवून ठेवतात. मग माझ्या भावाचाच फोटो का खोडतात? ऑफिसात मी तिघांना विचारलं.

आमचं काम सातपुड्यातल्या अभयारण्यात. भाऊ तिथे बारा वर्षं मजूर होता. दोन वर्षांपूर्वी मीही त्याच्या मागे लागून आलो. जंगलात किस्से पालापाचोळ्यासारखे साचतात, आज झाडले की उद्या पुन्हा तेवढेच! भाऊ होता तोवर तोच सांगायचा, मी नुसता हसायचो. आता सांगणारा मीच उरलोय. शाळा सातवीत सुटली माझी, चुकलं तर सांभाळून घ्या.

*

जनावरांची माहिती काढायला आम्ही झाडांना कॅमेरे बांधतो, गुडघ्याएवढ्या उंचीवर. समोरून काही गेलं की फोटो आपोआप निघतो. पण बांधल्यावर तो चालतो की नाही ते बघावं लागतं. त्यासाठी एकाने कॅमेऱ्यासमोरून हातापायांवर वाघासारखं जायचं. लाल दिवा लुकलुकला की ओके! दुसऱ्याने कॅमेऱ्याचा नंबर लिहिलेली पाटी धरायची.

वाघ कायम भाऊच. बाकीचे दोन पावलं रांगून उठतात, गुडघे झटकतात. भाऊ खांदे वर-खाली करत जायचा, वाटेत दगडाचा वास घ्यायचा आणि शेवटी अशी डरकाळी फोडायचा की झाडावरची वानरं ओरडायला लागायची.

आमच्या वनरक्षक मॅडम म्हणायच्या, "अहो गजूभाऊ, कॅमेऱ्याला ऐकू येत नाही!"

"मला येतं ना मॅडम!"

*

माझ्या पहिल्याच दिवशी भाऊ म्हणाला, "पिंट्या, आज तू वाघ हो."

डिंक गोळा करणाऱ्या दोन बाया तिथे उभ्या होत्या. मला लाज वाटली. म्हणालो, "मी माणूस आहे, मी नाही रांगणार!"

"बरं, मग पाटी धर."

पाटी मीच लिहिली, मीच धरली. घाईत चौदाचे आकडे उलटे पडले, एक्केचाळीस झाले. आमच्याकडे कॅमेरे सगळे मिळून वीस! ऑफिसात दोन दिवस एक्केचाळीसावा कॅमेरा शोधत होते. शेवटी साहेबांनी आम्हाला बोलावलं. मी दारातच भाऊच्या मागे उभा राहिलो.

भाऊ पुढे झाला. "साहेब, पाटी मीच लिहिली आणि मीच धरली."

साहेबांनी कॉम्प्युटर त्याच्याकडे वळवला. फोटोत भाऊ हातापायांवर, जीभ बाहेर.

"मग हा कोण?"

भाऊने वाकून नीट निरखून बघितलं.

"ओळखीचा वाटतो साहेब!"

*

आमच्यात नाना सगळ्यांत जुने. दोंडाईच्याकडचे, बोलणं पक्कं अहिराणी. एकदा त्यांनी बांधलेला कॅमेरा अस्वलाने उपटला, चावला आणि नाल्यात टाकून दिला. आतलं फोटोंचं कार्ड मात्र वाचलं. ऑफिसात फोटो उघडला तर नुसता लाल काळोख.

"गुहा आहे का ही?" आमचा कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणाला. तो शहरातला, पिंप्राळ्याचा, रोज स्कूटरवर येतो. जंगल त्याने फक्त पडद्यावर बघितलेलं.

नाना चष्मा लावून पुढे आले. "हाई काय शे भो? हाई ते बठ्ठं तोंड शे!"

अस्वलाने कॅमेरा तोंडात धरलेला असताना फोटो निघत राहिले होते.

भाऊ म्हणाला, "नाना, दात मोजा. तुमच्यापेक्षा जास्तच निघतील!"

नानांनी त्याला काठी दाखवली. मग हळूच मोजले.

*

वहिनी भाऊला डब्यात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि मिरचीचा ठेचा द्यायची. एकदा पाणवठा साफ करताना वानराने डबा पळवला. भाकरी खाल्ली, मग ठेच्यात बोट घातलं आणि चाटलं. त्यानंतर ते वानर जे उड्या मारत पाण्याकडे गेलं!

आम्ही पोट धरून हसलो. भाऊ नाही हसला. "पोटात आग पडली असेल रे त्याच्या," म्हणाला आणि उपाशीच काम करत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने घरी सांगितलं, "ठेच्यात मिरच्या कमी टाक. वानराला झेपत नाही."

वहिनी म्हणाली, "सासूबाईंना अल्सर झाला तेव्हा बरं कमी करायला सांगितलं नाही!"

*

थंडीतला किस्सा. ऑपरेटर खुर्चीवरून उठून ओरडला, "पट्टे! पट्टे दिसताहेत!"

वाघ आपल्या जंगलात आला म्हणजे केवढी मोठी गोष्ट! सगळं ऑफिस धावलं. फोटो धुक्यातला, धूसर. पिवळ्यावर काळे पट्टे, पाठीचा बाक, सगळं बरोबर. कोणीतरी साहेबांना फोनही लावला.

मॅडमनी जवळ जाऊन बघितलं. "वाघाला खिसा असतो का?"

तो वहिनीने विणलेला स्वेटर होता! भाऊ दाराशीच उभा होता, तोच स्वेटर घालून. ऑपरेटरने त्याच्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि गुपचूप फोटो खोडला. तेव्हा मीही हसलो होतो.

*

दर वेळी कॅमेरा बांधून झाला की भाऊ विचारायचा, "काय पिंट्या, आज होतोस का वाघ?"

मी म्हणायचो, "पुढच्या वेळी."

यंदा दिवाळीनंतर चौदा नंबर पुन्हा बांधला, तेव्हाही त्याने विचारलं. तेव्हाही मी हेच म्हणालो. आठ दिवसांनी तो बहिणीकडे केळी द्यायला मोटारसायकलवर पहूरला निघाला. वाटेत मागून ट्रक आला. बारा वर्षांत ज्याला अस्वलाने एक ओरखडा काढला नाही, तो डांबरी रस्त्यावर गेला.

घरी त्याचा एकच नीट फोटो आहे, लग्नातला. मान ताठ, ओठ मिटलेले. हार त्यालाच घातलाय. पण तो भाऊ वाटतच नाही. भाऊ म्हणजे जीभ बाहेर!

तेरावं झालं आणि मी थेट ऑफिसात गेलो. "भाऊचे रांगतानाचे फोटो दे," म्हणालो.

ऑपरेटर खाली बघत म्हणाला, "माणसांचे फोटो ठेवत नाहीत रे. जनावरांचे वेगळे काढले की बाकीचे साफ करतात."

मी कॉम्प्युटरची वायर उपटली. खुर्ची लाथाडली. तिथेच तिघांना तो प्रश्न विचारला. ऑपरेटरने वायर परत लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "चौदाचं कार्ड अजून आलेलं नाही."

*

कार्ड काढायला मॅडम, नाना आणि मी असे तिघं चढलो. कॅमेरा झाडाला जसाच्या तसा होता. दोर भाऊने आवळलेला, गाठ त्याची. नानांनी ती कापली नाही, नखांनी सोडवत बसले.

आत छोटा पडदा असतो. मॅडमनी पहिला फोटो लावला. पाटी धरलेला माझा हात. त्याच्यामागे भाऊ, हातापायांवर, जीभ बाहेर. तो कॅमेऱ्याकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता.

पुढे भेकर होतं. सायाळ होती. एक अस्वल, पाठीवर पिल्लू घेऊन चाललेलं. सगळी त्याच वाटेने गेलेली.

"मॅडम, हा पण खोडणार का?"

आपला मोबाईल काढून त्यांनी पडद्यावरच्या भाऊचा फोटो घेतला आणि मोबाईल माझ्या हातात दिला. मी किती वेळ बघत होतो कोण जाणे.

मग नवीन कार्ड टाकलं. नानांनी पुन्हा तशीच गाठ मारली. मॅडमनी पाटीवर चौदा लिहिलं, मला दाखवलं, पाटी धरली. नाना टोपी काढून गुडघ्यांवर हात ठेवत वाकायला लागले. त्यांचे गुडघे दुखतात.

"राहू दे पोऱ्या, मी करस."

"थांबा नाना," मी म्हणालो.

चपला काढल्या. हात जमिनीवर टेकले. खडे टोचत होते. खांदे वर-खाली करत निघालो. वाटेतल्या दगडाचा वास घेतला. लाल दिवा लुकलुकला, तरी मी उठलो नाही. शेवटपर्यंत गेलो, जीभ बाहेर काढली आणि होता नव्हता तेवढा सगळा जोर लावून डरकाळी फोडली.