दिघोरीच्या लग्नात बंद पाडलेली धून

अंगणात सडा टाकून मी तांदूळ पाखडत होते, तेव्हा हे दिघोरीच्या लग्नातून परत आले. ऐंशीनंतरची गोष्ट. यांचा चार मित्रांचा बँड होता. गिटार, ऑर्गन, सगळं ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचं. लोकांना सिनेमाची गाणी हवी असत, पण हे प्रत्येक लग्नात स्वतः बसवलेली एक धून वाजवतच.

"नवरदेवाच्या बापानं मधातच बॅटरीची तार काढली," हे म्हणाले. "ऑर्गन विकून टाकतो. आपली धून कोणाले पाहिजे?"

"मले पाहिजे."

"तुले काहीही चालते."

"म्हणून तर तुमच्यासंगं लगन केलं!"

तेव्हा कुठे हसले.

आज सकाळी कारध्याला दवाखान्याच्या रांगेत माझं आडनाव ऐकून एक बाई जवळ आली. "तुमच्या घरी बँड होता नं, काकू? दिघोरीची ती नवरी मीच. सासऱ्यानं तार काढली, पण मी लेकरांले तीच धून गुणगुणून झोपवलं." तिनं तिथंच गुणगुणून दाखवली. दोन जागी चुकली.

हे जाऊन सहा वर्षं झाली. त्यांना सांगता आलं असतं तर, असं दिवसभर वाटतंय. तरी आज बरं वाटतंय. तुमच्या माणसाचं काम असं कुणी परक्यानं जपलेलं तुम्हाला कधी सापडलंय का?

ऑर्गन आम्ही विकला नाही. दिघोरीच्या त्या लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी मी चौघांचे शर्ट धुऊन, इस्त्री करून त्यांना अड्याळच्या लग्नाला पाठवलं.