हात दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही!

आमच्या ग्रुपमधले दोघं चहाला भेटले की एक तरी किस्सा निघतोच. "त्या दिवशी त्याने काय केलं माहितीये?" अशी सुरुवात झाली की मी कप खाली ठेवते. कारण पुढचं ऐकायच्या आधीच माझं डोकं फिरलेलं असतं!

ग्रुप म्हणजे हिंजवडीच्या ऑफिसांमधली गाडीवेडी माणसं. मी मूळची लातूरची, नोकरीमुळे इकडे आले आणि यांच्यात सामील झाले. पावसाळा सोडला तर अधूनमधून रविवारी आम्ही पौडच्या पुढे एका खासगी ट्रॅकवर जातो आणि आपापल्या रोजच्या गाड्या मनसोक्त पळवतो. ही शर्यत नसते. नंबर नाही, कप नाही, टायमिंग नाही. ओव्हरटेकचा नियम मात्र कडक. आमचा मिलिंद हे सगळं आयोजित करतो, तो दर वेळी घसा फोडून सांगतो, "ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर. तोही पुढच्याने खिडकीतून हात काढून 'जा' म्हटलं तरच. वळणावर नाही म्हणजे नाही! आणि मागचा फास्ट असेल तर अडवून धरू नका, हात दाखवा, जाऊ द्या."

यात न कळण्यासारखं काय आहे? पण आमच्याकडे सगळे शिकलेले येतात ना!

*

एकदा झेंडे दाखवायचं काम माझ्याकडे होतं. निळा झेंडा म्हणजे 'तुझ्या मागे कुणीतरी फास्ट आलंय, त्याला वाट दे.' ओंकार नावाचा एक नवीन मुलगा आला होता. त्याच्या मागे गाड्यांची ही वरात! मी निळा झेंडा हलवला. त्याने हसून अंगठा दाखवला आणि तसाच पुढे गेला. पुढच्या फेरीला मी जोरात हलवला. त्याने दोनदा हॉर्न वाजवला. त्याच्या पुढच्या फेरीला तर मी झेंडा घेऊन अक्षरशः नाचले. पठ्ठ्याने मला फ्लाइंग किस दिला!

सेशन संपल्यावर मी तरातरा त्याच्याकडे गेले. "अरे, मिलिंद नियम सांगत होता तेव्हा कुठे होतास?"

"तिथेच होतो की. रील काढत होतो."

"मग मी झेंडा कशाला हलवत होते?"

"मला वाटलं, ताई, तुम्ही मला चीअर करताय!"

*

दुसरा नमुना सागर. पोरगा चांगला, गाडीवर हात बसलेला. एका रविवारी सगळं सेशन तो एका पांढऱ्या गाडीच्या मागे गोगलगायीसारखा चालला होता. त्याच्या मागे आम्ही सगळे अडकलेले. पांढऱ्या गाडीवाला बिचारा प्रत्येक पट्ट्यावर हात काढून 'जा, जा' करतोय आणि हा जातच नाही!

बाहेर आल्यावर मी विचारलं, "अरे, तो माणूस हात हलवून हलवून थकला. तू जात का नव्हतास?"

सागरने आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "ते माझे मॅनेजर आहेत. पुढच्या महिन्यात अप्रेझल आहे."

"पण ते स्वतःच जा म्हणत होते ना!"

"मीटिंगमध्येही ते 'मोकळेपणाने बोला' म्हणतात, ताई!"

*

आता माझाच अनुभव सांगते. एकदा माझे मिस्टर नितीन सोबत आले होते. त्यांना गाडीचं काडीचं वेड नाही. ते सावलीत बसून वडापाव खात होते. ट्रॅकवर माझ्या पुढे एक गृहस्थ होते. मी जवळ गेले की सरळ पट्ट्यावर लगेच हात बाहेर, गाडी थोडी हळू, अगदी सभ्य माणूस. मला इतकं बरं वाटलं!

सेशननंतर ते स्वतः आमच्याकडे आले. मी हेल्मेट काढून केस सोडवत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. थेट नितीनचा हात हातात घेतला, "काय चालवता हो! वळणावरची लाइन एकदम क्लीन!"

नितीन वडापावसकट उभे राहिले. "मी? अहो, मला सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी धड बाहेर काढता येत नाही. ती चालवत होती."

गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं, "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि गेले.

पुढच्या सेशनला पुन्हा तेच गृहस्थ माझ्या पुढे. तीच गाडी, तोच पट्टा, मागे तीच मी. आणि हात? शेवटपर्यंत खिडकीच्या बाहेर आला नाही! काच तेवढी वर गेली!

*

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. करणचं मात्र मी अजून विसरले नाही.

करणकडे लाल रंगाची दांडगी गाडी, माझी आपली छोटी हॅचबॅक. शेवटचं वळण घेताना डावीकडून एकदम लाल काहीतरी घुसलं. आधी आवाज झाला, मग माझा आरसा लटकला. मी स्टीअरिंग उलटं फिरवलं आणि गाडी ट्रॅक सोडून मातीत. कडेला टायर रचून केलेल्या भिंतीच्या अगदी जवळ जाऊन थांबली. धुळीने समोरचं काही दिसेना. घरी मुलगी शाळेचा प्रोजेक्ट करत बसली होती, त्या क्षणी तेवढंच आठवलं.

बाहेर आल्यावर मी त्याच्यासमोर उभी राहिले. "मी हात दाखवला होता?"

"मॅडम, एवढी जागा होती की!"

"जागा दिसली म्हणून कुणाच्याही घरात शिरतोस का रे?"

मिलिंद धावत आला. एरवी मिलिंद कुणाला मोठ्याने बोलत नाही. त्या दिवशी त्याने करणच्या मनगटावरचा ट्रॅकच्या प्रवेशाचा कागदी पट्टा स्वतः कापला. "घरी जा."

"घरी? माझ्या गाडीची पॉवर किती आहे, माहितीये तुला?"

"माहितीये. लवकर पोहोचशील!"

*

बरं, यातून माणूस शिकेल? मिलिंदचं मन मोठं. करणने माफी मागितली, आरसा बसवून दिला, म्हणून त्याला परत घेतलं. पुढे एका रविवारी आम्ही रांगेने ट्रॅककडे निघालो होतो. पौड सोडल्यावर रस्त्यावर मेंढरांचा मोठा कळप. सगळ्यात पुढे करण. त्याने हॉर्नवर जो हात ठेवला तो काढेचना. कोकरं घाबरून सैरावैरा पळायला लागली.

कळपामागे चालणारी धनगर बाई काठी घेऊन त्याच्या खिडकीशी आली. "ए, का वरडायलंय तुजं यंत्र?"

"मावशी, बाजूला घ्या ना! आम्हाला पुढे जायचंय!"

"म्होरं जाऊन काय करतूयास? म्होरं बी माजीच मेंढरं हायेत!"

मी मागच्या गाडीत स्टीअरिंगवर डोकं टेकवून हसले. फार दिवसांनी बरं वाटलं!

*

आणि दीक्षितकाका. ग्रुपमधले सगळ्यात ज्येष्ठ, निवृत्त प्राध्यापक. बोलायला गोड, पण ट्रॅकवर गेले की हात म्हणून दाखवायचे नाहीत. मिलिंदने समजावलं, निळे झेंडे झाले. काकांचं उत्तर ठरलेलं, "मी माझ्या वेगाने जातोय. मागच्यांनी धीर धरावा."

एका रविवारी ते काकूंना घेऊन आले. प्रवाशाला बसवायची परवानगी असलेलं सेशन होतं. काकू हेल्मेट घालून शेजारी बसल्या. मागे मी, माझ्या मागे सागर, त्याच्या मागे आणखी बरेच. फेरीमागून फेरी. सरळ पट्टा आला की मी आशेने बघायची, उजव्या खिडकीत काही हलायचं नाही. माझ्या डोक्यात नुसत्या लाह्या फुटत होत्या.

आणि एकदम डाव्या खिडकीतून हात बाहेर आला. हिरव्या बांगड्यांचा. ऐटीत हलला, 'जा!'

मी गेले. सागर गेला. मागचे सगळे एकेक करून गेले. हात हलतच होता!

सेशन संपलं. काका लालबुंद होऊन उतरले. "मिलिंद! हा काय प्रकार आहे? मी हात दाखवलाच नव्हता! हे सगळे पुढे गेलेच कसे?"

काकू पलीकडून शांतपणे उतरल्या. "मी दाखवला."

"तू? का?"

"घरी बाथरूममध्ये शिरलात की तेच, इथेही तेच. बाहेर रांग लागलीये हे तुम्हाला कधी कळतच नाही!"

काकूंनी पदर खोचला आणि मिलिंदकडे वळून म्हणाल्या, "हेल्मेट राहू दे रे माझ्याकडे. पुढच्या सेशनलाही मी बसणारे!"