चप्पल शिवली, दोन रुपये

वही लिहायची कल्पना माझी. नियम माझे, आणि खाटेचं बक्षीसही माझ्याच डोक्यातून निघालेलं. हे आधीच सांगून टाकते, कारण ही गोष्ट ऐकली की लोक माझी समजूत काढायला लागतात आणि मला ते सहन होत नाही.

आम्ही तिघी होतो. रोशन गेटजवळच्या एका गल्लीत, माडीवरची एक खोली. मोबाइल अजून आमच्यासारख्यांच्या हातात आला नव्हता आणि शहराला सगळे औरंगाबादच म्हणायचे, तेव्हाची ही गोष्ट. खाली घरमालकीण राहायची. तिला आम्ही खाला म्हणायचो आणि ती आम्हाला गावाच्या नावानं हाक मारायची. मी गंगापूर, एका कर सल्लागाराच्या ऑफिसात वह्या लिहायला होते. दुसरी पैठण, ती नर्सिंग शिकत होती आणि तिला थोडं विद्यावेतन मिळायचं. तिसरी सिल्लोड. ती वाळूजच्या एका औषधाच्या कंपनीत, ठेकेदाराकडून, पॅकिंगला होती. पुढं पुढं आम्हीही एकमेकींना त्याच नावांनी हाका मारू लागलो.

तिघींत सिल्लोडचंच काय ते खरं पणाला लागलेलं होतं. बारावीनंतर घरात लग्नाचं चाललं होतं, स्थळही आलेलं. तिला नोकरी करून बाहेरून बी.ए. करायचं होतं. शेवटी थोरल्या भावानं मध्यस्थी केली आणि अट ठरली: एक वर्ष. घरून एक पैसा मिळणार नाही. स्वतःच्या कमाईवर वर्ष काढलं तर पुढं कुणी अडवणार नाही, नाही जमलं तर निमूट घरी यायचं. खोलीत आली त्या पहिल्याच दिवशी तिनं हे आम्हाला सांगितलं, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून म्हणाली, "वर्षाचं काय, बघता बघता जाईल."

पहिल्या दोन महिन्यांत आमची तिघींचीही वीस तारखेलाच बोंब झाली. आमदनी अठन्नी, खर्चा रुपय्या. मी वह्या लिहिणारी बाई; मला ते फार लागलं. मी दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर श्री काढला आणि तिघींची नावं घालून रकाने आखले: भाडं, डबा, प्रवास, वरखर्च. नियम तीन. रोजचा खर्च रोज लिहायचा. वहीत खोटं लिहायचं नाही. तिघींनी वहीवर हात ठेवून शपथ घेतली. आणि भाडं दोन महिने थकलं तर खोली सोडायची. महिन्याच्या आठ तारखेला, सगळ्यांचे पगार झाले की, मी मोठ्यानं हिशोब वाचायचे. ज्या मुलीचा खर्च सगळ्यात कमी, तिला महिनाभर खाट. खोलीत लोखंडी खाट एकच होती, खिडकीखाली. बाकीच्या दोघी खाली फरशीवर.

त्या वहीत जमेचं पान नव्हतं. कुणी कुणाचा पगार विचारायचा नाही, असं आम्ही सभ्यपणा म्हणून ठरवलं होतं. मी दिवसभर ऑफिसात लोकांच्या जमेच्या आणि नावेच्या बाजू जुळवायचे, आणि घरी मात्र एका बाजूची वही लिहीत होते. शहाणपणाचा एवढा गर्व कधी कुणाला झाला नसेल.

सुरुवातीला खाट पैठणलाच मिळायची, कारण तिला दुपारचं जेवण नर्सिंग कॉलेजच्या मेसमध्ये फुकट होतं. मग सातव्या महिन्यात सिल्लोडनं बाजी मारली. आठव्यात मारली. नवव्यातही.

प्रवासाचा तिचा रकाना कोरा व्हायला लागला. आधी रोज सहा सीटर रिक्षाचे जायचे आठ रुपये आणि यायचे आठ असायचे. मी विचारलं तर म्हणाली, "कंपनीनं बस सुरू केलीय, फुकट." मी म्हटलं, वा, नशीबवान आहेस. दोन वेळचा डबा तिनं एक वेळचा केला, मग अर्धा. सोमवार आणि शनिवारचे उपास धरले, गुरुवारचाही धरला. त्या दिवशी वहीत असायचं: फुटाणे, एक रुपया. कानातले काढले आणि भोकांत कडुनिंबाच्या काड्या घातल्या. कान पिकलेत, म्हणाली. पैठणनं तिची हनुवटी धरून कान उजेडाकडं वळवला.

"चांगलाय की कान."

"आतून दुखतो," असं म्हणून ती भांडी घासायला उठली.

कंपनीत दिवसभर छताखाली काम करणारी मुलगी ती. पण तिचा चेहरा रापत चालला होता, पावलं धुळीनं पांढरी असायची. आणि वहीत दर दोन-तीन दिवसांनी एक ओळ यायची: चप्पल शिवली, दोन रुपये. चप्पल शिवली, दोन रुपये. आठ तारखेला हिशोब वाचताना मी त्यावर हसले होते. "अगं, एवढ्या शिलाईत नवी चप्पल आली असती! चांभाराचा संसार चालवतेस का काय?" पैठणही हसली. सिल्लोडही हसली, पण माझ्याकडं बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली. मी बेरीज करत होते.

खालाच्या मात्र लक्षात येत होतं. एकदा नळाच्या वेळी हंडा भरताना तिनं मला गाठलं. "वो सिल्लोड कुछ खाती की नहीं गे? सीढ़ी चढ़ते चढ़ते दो बार बैठती है."

"उपास असतात तिचे, खाला."

"रोज के?" खाला म्हणाली. मग हंडा उचलून आत गेली, आणि मला तिचा रागच आला. आमच्या खोलीत नाक खुपसायचं हिला काय कारण, असं मनात आलं.

दहाव्या महिन्यात, एका रविवारी दुपारी, तिचा थोरला भाऊ आला. तिच्या कंपनीला शुक्रवारची सुट्टी, म्हणून ती रविवारी कामाला गेलेली. पैठणची ड्यूटी होती. मी एकटीच घरी. भावाला मी एक-दोनदा पाहिलं होतं: किरकोळ अंगाचा, खिशाला दोन पेन. सिल्लोड गावच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, एका अडत्याकडं तो हिशोब लिहायचा. ज्वारीच्या पिठाची पिशवी आणि ठेच्याची बरणी त्यानं दारात ठेवली आणि उंबऱ्याच्या बाहेरच टेकला. मी पाणी दिलं.

"ताई, खरं सांगू का," तो म्हणाला, "घरचे लई मागं लागलेत. आता पाव्हणे बघायला यायचे व्हते, मीच थांबिवलं. म्हणलं, दोन म्हैने राहिले, पोरगी कशी राहती ते बघून येतो अन् मंग बोलू. चांगलं चाललं आसंल तर मी घरी भांडंन तिच्या बाजूनं."

मला एवढा आनंद झाला! सिल्लोडची बाजू मांडायची संधी आयतीच चालून आली होती आणि पुरावा तर फळीवरच होता. मी वही काढली. "दादा, तुम्ही हिशोबातले, तुम्हीच बघा. तीन महिने सलग तिचा पहिला नंबर. तुमच्या बहिणीसारखं काटकसरीनं कुणालाच राहता येत नाही." आणि खाटेकडं बोट दाखवलं. "ती तिचीच आहे."

तो वाचायला लागला. मोंढ्यातली माणसं वाचतात तसा, बोट ओळीवर ठेवून, ओठ हलवत. मी परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीच्या आईसारखी उभी होते. बेरजा बघेल, मान डोलवेल, असं मला वाटत होतं. बेरजांकडं त्यानं पाहिलंही नाही. एक पान उलटलं, मग मागचं पुन्हा काढलं.

"प्रवास कोरा कामून?"

"कंपनीची बस लागलीय दादा. फुकट."

त्यानं मान हलवली. बोट खाली सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं, पुन्हा थांबलं. बाहेर गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. मला ते बोट आवडेनासं झालं.

"बसनं जाती," तो हळू म्हणाला, "मंग चप्पल कामून एवढी फाटती? ह्या एका म्हैन्यात सात खेपा."

मी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. रापलेला चेहरा, धुळीची पावलं, काड्या घातलेले कान, जिन्यावर दोनदा बसणं, सगळं एकदमच माझ्या पुढ्यात आलं. तीन महिने मी ते रोज बघत होते.

त्यानं वही मिटली नाही. तो पुढं वाचत राहिला, आता आवाज काढून. "फुटाणे, एक रुपाया. फुटाणे, एक रुपाया. फुटाणे." मग पाठ करून बसला आणि उपरण्यानं डोळे पुसले. मी त्याला थोडी भीतभीतच म्हटलं, "दादा, ती आली की मी आधी बोलते तिच्याशी." त्यानं आणखी एक पान उलटलं.

पळत जाऊन तिला वाटेत गाठावं, असं मला सारखं वाटत होतं. पण गाठणार कुठं? ती दिवसभर कुठं असते हे मला माहीत नव्हतं. एका खोलीत दहा महिने राहून मला फक्त तिचा खर्च माहीत होता.

साडेपाचला, रोजच्या वेळेला, खालचं फाटक वाजलं. खालाचा आवाज आला, "सिल्लोड, तेरा भाई आया है बेटा." जिन्यावर पावलं वाजली, चार-पाच, आणि थांबली. तो थांबलेला जिना मला अजून ऐकू येतो. मग पावलं पुन्हा वाजली.

ती दारात आली. आधी भावाकडं पाहिलं, मग त्याच्या मांडीवरच्या वहीकडं, मग माझ्याकडं.

"काम कधी सुटलं?" भावानं विचारलं.

"तीन म्हैने झाले. ठेकेदारानं ब्रेक दिला, घरी बसिवलं, मंग बोलावलंच नाय."

"अन् दिवसभर कुठं ऱ्हाती?"

"काम बघती. चिकलठाणा, टेशनची एमआयडीसी, गेटागेटावर. नाय मिळालं तर ष्टँडवर बसती. तिथं बाईमाणूस पिशवी घेऊन बसलं तर कुणी इचारत नाय."

"भाडं?"

तिनं काडी घातलेल्या कानाला हात लावला. एवढंच.

भाऊ ओरडला असता तर मी मध्ये पडले असते. मी भांडखोर आहे, मला ते जमतं. पण तो ओरडला नाही. "मी गेल्या गुरवारी ष्टँडवरूनच गेलो," म्हणाला. "तू आसशील तिथंच. उपाशी." मग उठला. "सामान भर."

"दादा, दोनच म्हैने राहिलेत."

"आशे दोन म्हैने मला नको."

मी म्हटलं, मी तिचं भाडं भरते, पैठण आणि मी मिळून डबा लावतो, दोन महिन्यांचा प्रश्न आहे. खरंच म्हटलं, हात जोडून म्हटलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, त्यात राग नव्हता. "ताई, तुम्ही तीन म्हैने हिशोब लिव्हला की," तो म्हणाला, आणि वही, पिठाची पिशवी तिथंच ठेवून जिना उतरला.

तिचं सामान एका पिशवीत आणि एका पत्र्याच्या पेटीत मावलं. मी रडत होते, ती रडत नव्हती. बी.ए.ची पुस्तकं तिनं पेटीत घातली, मग काढली आणि खाटेवर ठेवली. पेटीचं एक टोक मी धरलं, दुसरं तिनं. जिन्याच्या वळणावर ती थांबली. दम लागला होता तिला.

"मला माफ कर," मी म्हटलं. "मला कळलंच नाही गं."

"मी लिव्हत व्हते की," ती म्हणाली. "रोज लिव्हत व्हते. तोंडानं बोलायची लाज वाटायची. मला वाटायचं, तू वाचती, कधीतरी इचारशील."

खाला फाटकापाशी उभी होती. तिनं एका फडक्यात बांधलेल्या भाकरी सिल्लोडच्या हातात दिल्या आणि माझ्याकडं पाठ केली. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी वळली. तिच्या पायात तीच चप्पल होती.

पुढं लग्नाची पत्रिका आली, खोलीच्या पत्त्यावर, दोघींच्या नावानं. पैठण जाऊन आली. मी कामाचं कारण सांगितलं.

पण त्याच्या आधी आठ तारीख आली. हिशोब करायचा नाही असं आम्हा दोघींनाही वाटत होतं, आणि तरी संध्याकाळी मी वही काढली, कारण भाडं आता दोघींत वाटायचं होतं. सिल्लोडचा रकाना महिन्याच्या मध्यापर्यंत भरलेला होता. शेवटची ओळ त्या रविवारची: चप्पल शिवली, दोन रुपये. ती तिनं जायच्या आधी, पेटी भरता भरता, कधीतरी लिहिली होती. नियम होता ना. मी बेरजा केल्या आणि वाचून दाखवल्या. त्या महिन्यात आम्हा दोघींत कमी खर्च माझा होता.

पैठणनं माझी गादी उचलली आणि खाटेवर टाकली. मी खाटेवर झोपले. झोप लागली.