रिकामा झालेला लॅपटॉप आणि वाघदेवाला दिलेला शब्द

देव गरिबाच्या बाजूने असतो म्हणणाऱ्यांचा त्या सकाळी मला भयंकर राग आला होता. कसली बाजू? साखरशेतला आमच्या पाड्याचा एकच झरा. वरची जमीन घेतलेल्या रिसॉर्टवाल्याने त्याला तारेचं कुंपण घालायला घेतलं आणि वर तोंड करून सांगितलं, इथे कुणी पाणी भरतच नव्हतं! दुपारी जव्हारला तहसीलदारांपुढे सुनावणी होती. घरोघर फिरून मी माणसांचं बोलणं व्हिडिओत घेतलं होतं. ते सगळं लॅपटॉपमध्ये, दुसरीकडे कुठेही नाही. आणि सुनावणीसाठी जव्हारला येताना मोटरसायकल खड्ड्यात आदळली, पाठीवरची बॅग उडून दगडावर पडली. तो रस्ता कागदावर कधीच झालेला आहे, बरं का.

बाजारपेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानात चाचांनी लॅपटॉप कानाशी धरला. आत टकटक वाजत होतं. "हार्ड डिस्क गेली, बेटी. नवी टाकून कंपनीतून आला तसा करून देतो. पण आतलं काही मागू नको. जुनी मुंबईला पाठवावी लागेल, निघालं तर निघालं."

मी त्यांच्यावरच ओरडले. ते शांतपणे स्क्रू काढत म्हणाले, "ओरड, ओरड. डिस्कला ऐकू येतंय का बघ."

निदान निवेदन तरी टाइप करता येईल म्हणून मी हो म्हटलं. पडदा उजळला आणि लॅपटॉप मलाच विचारू लागला, तुमची भाषा कोणती, तुमचं नाव काय. आता त्यालाही आमच्या पाड्यावरचं कुणी माहीत नव्हतं. माझं डोकं फिरलं. शिवेवरच्या वाघदेवाला मी मनातल्या मनात प्रार्थना केली असं लिहिलं तर खोटं होईल. मी त्याला शिव्या घातल्या. राखणदार म्हणे! कुणाची राखण करतोस रे?

तेवढ्यात दारातून आवाज आला, "ही बघा, इथं बसलीय!" देवकीआत्या. माझी गाडी बाहेर दिसली म्हणून ती डोकावली होती आणि तिच्यामागे रस्त्यावर अख्खा पाडा उभा होता. पेरणीआधी शेतात राब भाजायचे दिवस, कामं सोडून येऊ नका, तुमचं बोलणं माझ्याजवळ आहे, असं मीच सर्वांना बजावलं होतं.

"तुम्ही कशाला आलात?" मी विचारलं.

"वाघदेवावर हात ठेवून झऱ्याचं खरं सांगू म्हणून शब्द कोणी दिला? आम्हीच ना? का तुझ्या या डब्यानी दिला?"

आमच्याकडे वाघदेवासमोर दिलेला शब्द दुसऱ्याकडून पाळून घेता येत नाही. ज्याचा हात, त्याचंच तोंड. हे मला ठाऊक होतं, पण मी ते जुनाट म्हणून सोडून दिलं होतं. डिस्क गेल्याचं त्यांना ठाऊकही नव्हतं. ते निघाले तेव्हा तर ती गेलेलीही नव्हती.

सुनावणीत साहेब म्हणाले, "वेळ नाही, एकाने बोला." आत्या म्हणाली, "पाणी एकानीच पिलंय का, साहेब?" मग एकेक जण बोलला. कुठल्या दगडावर पाय घसरतो, उन्हाळ्यात हंडा कुठे टेकवायचा, आटलं की वाळू कशी उपसायची. समोरचा वकील आडवे प्रश्न विचारत गेला आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळत गेलं. माझ्या व्हिडिओला त्याने प्रश्न विचारले असते तर काय झालं असतं? जागेची पाहणी होईपर्यंत कुंपण थांबवायचा आदेश निघाला.

याला चमत्कार म्हणा, नका म्हणू; मी वाद घालणार नाही. माझा राग गेलेला नाही. खांब अजून झऱ्याकाठी उभे आहेत आणि ते उपटले जाईपर्यंत राग जाऊही नये. शरण जाणं म्हणजे गप्प बसणं, असं समजून त्या शब्दाचा मला तिटकारा होता. पण माझ्या हातात काहीच उरलं नाही त्या दिवशीही काम चालूच राहिलं. ते फक्त माझ्या हातात कधी नव्हतंच. ज्याला शिव्या घातल्या त्याचेच आभार मानते. पाहणीच्या दिवशी आत्या पुढे चालेल, मी तिच्या मागे.