कोणाकडे काय

लायब्ररीत परत आलेली पुस्तकं जागेवर लावायला कोणी नसलं की ती टेबलावर साचत जातात. आमच्या कॉलेजचे किस्सेही तसेच साचलेत. आमच्या म्हणजे अम्मीच्या. ती नगरमधल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत शिपाई आहे. माझी शाळा शेजारीच. दहावीचा अभ्यास घेऊन मी रोज दुपारी कोपऱ्यातल्या टेबलावर बसते. मी बोलत नाही, म्हणून मला ऐकूही येत नसावं असं सगळ्यांना वाटतं. त्यामुळे सगळं ऐकायला मिळतं!

* * *

स्कॉलरशिपचं काम बघणारे क्लार्क रिटायर झाले आणि जागा भरलीच नाही. मग प्राचार्यांनी ते काम विभागांना वाटायचं ठरवलं. हॉलला रंग चालू होता, म्हणून मीटिंग लायब्ररीत.

उत्पन्नाचा दाखला अर्थशास्त्राकडे. रहिवासी दाखला भूगोलाकडे. जातीचा समाजशास्त्राकडे. बँकेचं वाणिज्यकडे. ऑनलाइन फॉर्म संगणकाकडे. ज्यांचं मध्येच वर्ष सुटलंय, त्यांचं गॅप सर्टिफिकेट इतिहासाकडे.

"इतिहासाकडे का?" इतिहासाचे सर म्हणाले.

"झालं-गेलंच आहे ना ते!"

मराठीच्या मॅडमना नोटीस शुद्ध लिहायचं काम मिळालं. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि एखादी मुलगी रडायला लागली तर?"

"मानसशास्त्राकडे पाठवा."

"सर, आपल्याकडे मानसशास्त्र नाही."

प्राचार्यांनी जरा विचार केला. "मग रडू देऊ नका."

* * *

या यादीची पहिली गिऱ्हाईक रेखाताई. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, जामखेडकडची, होस्टेलवर राहायची. तिचे आई-वडील ऊसतोडीला जायचे. कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही, हे मला तिनंच सांगितलं. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता.

"आन् अर्ध्या कोयत्याला मुकादम गाडीत चढू देत न्हाई," ती म्हणाली. "खर्ड्याकडचा एक अर्धा कोयता मला बघून गेलाय. वडील म्हन्ले, फारम पास झाला तर शीक. न्हाई झाला तर लगीन."

"मग?" मी विचारलं. तिच्याशी मी बोलायचे.

"मग काय? ह्या सहा जनांच्या हातात हाय माजं लगीन. मामा लई झालेत बघ मला!"

* * *

उत्पन्न आणि जात, दोन्ही दाखले तिच्याकडे होते. दोन्ही विभागांनी ते बघितले, आपापल्या 'मार्गदर्शन रजिस्टर'मध्ये तिची सही घेतली आणि तिला भूगोलाकडे पाठवलं.

भूगोलाच्या मॅडम लायब्ररीतच पेपर तपासत होत्या. त्यांनी विचारलं, "वर्षभर राहतेस कुठं?"

"सा म्हैने गावात, सा म्हैने उसाच्या फडात. आता होस्टेलात."

मॅडमना आनंद झाला. "याला हंगामी स्थलांतर म्हणतात. परीक्षेला हमखास येतं. लक्षात ठेव."

"ठिवते की मॅडम. मी तेच हाय."

मॅडम हसल्या. मग म्हणाल्या, फॉर्मवर पत्त्याचा रकाना एकच आहे, कुठला तरी एक ठरवून ये. आणि रजिस्टरवर सही घेतली.

* * *

बारावीनंतर रेखाताईचं एक वर्ष सुटलं होतं. इतिहासाच्या सरांनी कारण विचारलं.

"आईच्या हाताला कोयता लागला, सर. दोन बोटं गेली. तिच्या जागी मी हुते."

"पुरावा लागेल."

"आईला घिऊन येऊ?"

सरांनी पेन खाली ठेवलं. मग ते उचलून सर्टिफिकेटवर सही केली आणि रजिस्टरवर तिची घेतली. ते वाईट नाहीत. फक्त त्यांच्याकडे शिक्का नव्हता. सहा विभागांत मिळून शिक्का एकच, आणि तो वाणिज्यच्या कपाटात. वाणिज्यचे सर लग्नाला बेलापूरला गेले होते, किल्लीसकट!

ते तीन दिवसांनी आले. शिक्का मिळाला, बँकेचंही झालं. अर्थात, रजिस्टरवर सही घेऊन.

* * *

शनिवार, शेवटची तारीख. दुपारी फॉर्म ऑनलाइन परत आला. आधारवर तिच्या नावात एक 'ए' होता, मार्कशीटवर दोन.

संगणकाचे सर म्हणाले, "माझं काम फॉर्म भरणं. नाव दुरुस्ती यादीत नाही. ही भाषेची चूक आहे, मराठीकडे जा." जाण्याआधी संगणकाच्या रजिस्टरवरही तिची सही झालीच, ती सहावी.

मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "अगं, ही तर इंग्रजी स्पेलिंगची चूक. इंग्रजीकडे जा."

इंग्रजीचे सर जिन्यात भेटले. "मला नका सांगू हां, त्या मीटिंगच्या दिवशी मी रजेवर होतो!"

शेवटी अम्मी स्वतः प्राचार्यांकडे गेली. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच न बोलावता त्यांच्या केबिनमध्ये गेली. ते तिच्याशी नीट बोलले. म्हणाले, "खरंच, हे कोणाकडेच दिलेलं नाही. सोमवारी मीटिंग घेऊ."

रेखाताई माझ्या समोर येऊन बसली. घड्याळात पाच वाजले, साडेपाच वाजले. अम्मीनं तिच्यापुढं चहा ठेवला. "रो ले बेटा," अम्मी म्हणाली.

"न्हाई वो चाची," ती म्हणाली. "हितं मानसशास्त्र कुटं हाय?"

तो मीटिंगचा किस्सा तिला मीच सांगितला होता. त्या वेळी ती पोट धरून हसली होती.

* * *

पंधरा दिवसांनी ती कॉलेज सोडल्याचा दाखला न्यायला आली. हातावर मेंदी होती. दाखल्यासाठी सगळ्या विभागांची 'काही येणे नाही' अशी सही लागते. मी मनात म्हटलं, आता हिचा आणखी एक महिना गेला!

अर्ध्या तासात सगळ्या सह्या झाल्या. शिक्कासुद्धा लगेच मिळाला.

तो कागद तिनं माझ्यापुढं धरला. "बघ. जायचं म्हनलं की समदे जागेवर असत्यात."

मग लायब्ररीचं पुस्तक परत केलं. भूगोलाचं होतं. आत एका पानाचा कोपरा दुमडलेला होता, तो तिनं नखानं सरळ केला.

* * *

गेल्या महिन्यात कॉलेज तपासायला बाहेरगावाहून समिती आली. शिष्यवृत्ती मार्गदर्शनाचा अहवाल टेबलावर मांडला होता : सहा विभाग, सहा लाभार्थी. समितीच्या मॅडम बारकाईनं बघणाऱ्या. त्यांनी रजिस्टरं उघडली. सहाही ठिकाणी एकच नाव.

"या रेखाला भेटायचंय," त्या म्हणाल्या.

प्राचार्य लायब्ररीत धावतच आले. इकडे-तिकडे बघितलं आणि मी दिसले. बहुतेक पहिल्यांदाच!

"ही उंच आहे, चालेल," ते अम्मीला म्हणाले. "तुमची ओढणी द्या हिला, युनिफॉर्म झाकू दे. बाळ, तू काही बोलू नकोस. नुसती मान हलव."

अम्मीनं ओढणी दिली. देताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

केबिनमध्ये सगळे विभाग भिंतीला लागून उभे होते. समितीच्या मॅडमनी मला समोर बसवलं. आवाज प्रेमळ होता. "ये रेखा. घाबरू नकोस. सहाही विभागांनी तुला मार्गदर्शन केलं ना?"

मी मान हलवली.

"मग त्याचा तुला काय उपयोग झाला?"

याला मान हलवून चालणार नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. इतिहासाचे सर तेवढे खाली बघत होते.

"एक कोयता पूर्ण झाला, मॅडम," मी म्हणाले.

मॅडमनी प्राचार्यांकडे बघितलं. "कोयता म्हणजे?"

"ते... ग्रामीण भाग आहे ना, मॅडम," प्राचार्य म्हणाले. "जोडव्यवसाय."

"अरे वा!" मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी लिहून घेतलं.