आबा बोलताना का थांबायचे

माझे वडील, आबा, चालता चालता बोलत नसत. वाटेत कुणी "आबा, बरं हाय का?" म्हटलं की पाय जुळवून उभे राहायचे, उत्तर द्यायचे आणि मगच पुढचं पाऊल टाकायचे. साताऱ्याच्या भरतीतून सैन्यात गेलेला माणूस, त्यामुळे आम्हाला सगळ्यांना त्यात शिस्त दिसायची. मी तर शाळेत पोरांना त्यांचं उदाहरण द्यायची. हे थांबणं सुरू कधी झालं, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही, आणि म्हणे मी गणिताची शिक्षिका! त्याचा राग अजून जात नाही.

गेल्या उन्हाळ्यात आबा पडले. आष्ट्याजवळच्या आमच्या गावात, घरापासून उसाच्या रानाकडे जाणाऱ्या पाणंदीत. मागून मोटारसायकलवरून येणाऱ्या कुणीतरी हाक मारली, आबा चालता चालताच वळले आणि आडवे झाले. हाड मोडलं नाही, पण कोपर आणि कपाळ चांगलंच सोलपटलं. धाकट्या भावानं त्याच संध्याकाळी निकाल देऊन टाकला. "आबा, आता रानात जायाचं न्हाई. दारात खुर्ची टाकतो, बसा निवांत." त्या रात्री आबा अर्धीच भाकरी जेवले. रानात एक फेरी मारल्याशिवाय त्यांचा दिवस सुरूच व्हायचा नाही, आणि वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी ती फेरीच बंद झाली होती.

मी सांगलीहून एसटीनं गेले ती भावाशी भांडायच्या तयारीनं. पण पडले का, हे कुणालाच सांगता येईना. "वय झालं" एवढंच जो तो म्हणायचा. माझं काही त्यानं समाधान होईना, म्हणून आबांना मिरजेला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिनं रक्तदाब बघितला, गोळ्या बघितल्या, चष्म्याचा नंबर कधी तपासला ते विचारलं, आणि मग आबांबरोबर दवाखान्याच्या व्हरांड्यात चालू लागली. "आबा, सकाळी काय खाल्लं?" आबा थांबले. "भाकरी आन् वांगं." पुन्हा चार पावलं. "नातवंडं किती?" पुन्हा थांबले. तिनं वळून माझ्याकडे बघितलं. मी कौतुकानं सांगितलं, "मिलिटरीतले आहेत ना, उभं राहून उत्तर द्यायची सवय आहे."

"मिलिटरीत असंच होतं का आबा?" तिनं विचारलं.

"न्हाई वो," आबा म्हणाले. "आमी चालता चालता लय बोलायचो. गाणी म्हणायचो. थांबलं की सायेब शिव्या द्यायचा."

मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं मिरवलेली शिस्त आम्हीच त्यांना चिकटवली होती.

मग तिनं आबांना खुर्चीत बसवून शंभरातून तीन-तीन वजा करायला सांगितलं. सत्त्याण्णव, चौऱ्याण्णव, एक्याण्णव. सत्तरपर्यंत एकही चूक नाही. माझी मान ताठ झाली. तेच चालत करायला सांगितलं, तर चौऱ्याण्णवला पाय जागच्या जागी थांबले.

"चालणं आपोआप होतं असं आपल्याला वाटतं," ती मला म्हणाली. "वय वाढलं की मेंदूला चालण्याकडेही जास्त लक्ष द्यावं लागतं. दोन कामं एकदम झेपत नाहीत. अशा माणसाला पडायचा धोका जास्त. पण म्हणून बसवून ठेवू नका. बसून पाय जातात आणि डोकंही मंदावतं. सोबत ठेवा, पण चालू द्या."

घरी आल्यावर आईला विचारलं, हे थांबणं कधीपासून? आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ठिबक बसवलं तवापास्नं."

मी चक्रावले. ठिबकचा आणि बोलण्याचा काय संबंध? पण घराबाहेर जाऊन विचार करत बसले आणि हळूहळू उलगडलं. पूर्वी उसाला पाटाचं पाणी होतं. आबा खांद्यावर फावडं टाकून निसरड्या वरंब्यावरून चालायचे. कुठली सरी भरली, कुठली राहिली, हे ध्यानात ठेवायचे, वेळेवर मातीचं दार मोडून पाणी पुढच्या सरीत सोडायचे, आणि हे सगळं करताना बांधापलीकडच्या शेजाऱ्याशी गप्पाही चालायच्या. तोल, आठवण, बोलणं, सगळं एकदम, तासन् तास. मग आम्ही ठिबक बसवलं, पाणी नळ्यांतून आपोआप उसाच्या मुळाशी जाऊ लागलं. आबांचे कष्ट वाचले म्हणून अख्ख्या गावानं भावाचं कौतुक केलं. मीही केलं. ठिबकनं पाणी वाचलं, ऊसही चांगला आला. पण आबांच्या रिकाम्या हाताला दुसरं काय द्यायचं, हे आमच्यापैकी एकानंही मनात आणलं नाही.

डॉक्टरीणबाईचं म्हणणं भावालाही पटलं आणि तिनं सांगितलेला रोजचा पाठ सुरू झाला. सकाळी ओट्याला धरून टाचा वर, एका पायावर उभं राहणं. संध्याकाळी पाणंदीतून फेरी. एरवी भाऊ सोबत, रविवारी मी. मी त्यांच्या कोपराजवळ हात ठेवून चालायची आणि चालता चालता बोलायचा सराव व्हावा म्हणून प्रश्न विचारायची. पहिल्या रविवारी पाढे विचारले. आबा थांबले आणि भडकले. "मी काय तुज्या वर्गात हाय व्हय?" त्यांचं बरोबर होतं. मग उसाबद्दल विचारू लागले. हा कुणाचा, लावण कधीची, ह्याला पाणी कमी पडलंय का? त्याची उत्तरं त्यांना द्यावीशी वाटायची. तरी कित्येक रविवार थांबूनच उत्तर यायचं, आणि घाईनं वाक्य पुरं करायची माझी मास्तरकी मला जीभ चावून आवरावी लागायची. दिवाळीनंतर एकदा, तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसाकडे बघत, "ह्यो खोडवा हाय" एवढं ते चालता चालता म्हणाले. टाळ्या वाजवायचं मी कसंबसं टाळलं.

परवाच्या रविवारी भावानं आपणहून विचारलं, "आबा, रानापतोर जायाचं?" आम्ही तिघं निघालो. मी आबांच्या शेजारी, भाऊ दोन पावलं मागं. आपल्या उसाचा बांध दिसू लागला तेव्हा मनात बरेच दिवस असलेला प्रश्न विचारला, "आबा, बोलताना तोल जातोय हे तुम्हाला कधी कळलं?"

"लय आदी," ते चालतच म्हणाले. "एकदा वड्याच्या काठाला पाय लटपटला. तवाच ठरवलं, बोलायचं तर थांबून बोलायचं. पडलो असतो तर रान सुटलं असतं माजं."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. उपायही त्यांनी एकट्यानंच शोधला होता, आणि इतकी वर्षं तो निभावला होता.

"मग आम्हाला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुमी मला बसवलं असतं गं."

मागं भावाची पावलं थांबली. न सांगताही आम्ही त्यांना बसवलंच होतं.