थोरल्याच्या कार्डावर धाकटा

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात मी टाइमकीपर होतो. शहापूरहून रोज मोटरसायकलने जायचो आणि गेटवरच्या खुर्चीत बसलो की स्वतःला मालकाचा भाऊ समजायचो. कायम कामगारांना अंगठ्याचं मशीन होतं. ठेकेदाराच्या माणसांकडे मात्र फोटो चिकटवलेलं पुठ्ठ्याचं कार्ड असायचं, आणि ते बघून कुणाला आत सोडायचं हे मी ठरवायचो. एवढ्याशा अधिकाराने माणूस किती फुगतो, ते आमच्या घरी विचारा.

सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचे दोन भाऊ होते. कार्ड एकट्या थोरल्याचं. पण भाताच्या आवणीचे, म्हणजे लावणीचे दिवस आले की थोरला शेतात उतरायचा आणि त्याच्या कार्डावर धाकटा कामाला यायचा, कारण चार दिवस खाडा झाला की ठेकेदार कार्डच काढून घ्यायचा. त्या बाजूच्या बऱ्याच घरांत अशी वाटणी चालायची. मला सगळं माहीत होतं. फोटोतल्या थोरल्याला मिशी होती, धाकट्याला नव्हती. मी त्याला म्हटलं, "मिशी तेवढी वाढव रे, म्हणजे माझ्या डोळ्यांना त्रास नको." त्याने खरंच वाढवली. हा विनोद मी आठवडाभर कॅन्टीनमध्ये सांगत फिरत होतो.

मग एका सकाळी पत्रा कापायच्या प्रेसखाली धाकट्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

दवाखान्यात नेताना मी त्याच्या शेजारी बसलो होतो. केसपेपर करणाऱ्या बाईंनी नाव विचारलं. तो बोलायच्या स्थितीत नव्हता, म्हणून मीच सांगितलं. थोरल्याचं. काय डोकं चाललं आपलं, असंही वाटून गेलं. गेटचं रजिस्टर आणि दवाखान्याचा कागद जुळला, दोघा भावांची लबाडी झाकली, आणि मुख्य म्हणजे माझी नोकरी वाचली. स्वतःचं नाव चुकीचं ऐकून धाकट्याने तशाही अवस्थेत मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं.

कामावर इजा झाली तर भरपाई मिळते, हेही नंतर मीच त्याला तोऱ्यात सांगितलं. अर्ज लिहून देतो म्हणालो. माझं अक्षर चांगलं आहे, अर्धं शहापूर माझ्याकडून अर्ज लिहून घेतं. पण लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत, नावापाशी, पेन थांबलं. कागदावर बोटं गेली होती थोरल्याची, आणि त्याची दहाच्या दहा जागेवर होती. ज्याची गेली, तो कागदावर कारखान्यात कधी आलाच नव्हता. ठेकेदाराने तर सरळ सांगितलं, या माणसाला मी ओळखत नाही, घरी काहीतरी करताना गेली असतील. थोरला येऊन विचारून गेला, की तोच हात बांधून कोर्टात उभा राहिला तर चालेल का. मी त्यावर दोन मिनिटं विचार केला, हे लपवत नाही.

दोघा भावांनी शहापूरचा एक वकील गाठला होता, त्याचं म्हणणं एकच होतं, गेटवर बसणाऱ्याने खरं सांगावं. मी म्हटलं, बघतो. आणि पुढचे तीन महिने बघतच राहिलो. कधी साहेब रजेवर होते, कधी रजिस्टर वरच्या ऑफिसात गेलेलं होतं, कधी माझी पाठ धरलेली होती.

शेवटी धाकट्याची बायको गेटवर आली. पाळी सुटेपर्यंत समोरच्या झाडाखाली बसून राहिली. मग उठून माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, बोटं कोनाची गेली ता तुमाला ठावं हाय. डाव्या हातानं त्याला कोयता चालवता येत नाय. तुमी नाय सांगलं त कोन सांगल?"

त्या आठवड्यात मी प्रतिज्ञापत्राचा मजकूर लिहिला. तीनदा लिहिला. तिन्हींत 'माणुसकीच्या भावनेतून' हे शब्द होते. वकिलाने ते तिन्ही वेळा खोडले. उरल्या चार ओळी: तो कामावर होता, कार्ड त्याचं नव्हतं, हे मला माहीत होतं, दवाखान्यात खोटं नाव मी सांगितलं. मी सही केली. कारखान्याने मला दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं, त्यात त्यांची चूक काढायला मला जागा नव्हती.

भरपाईच्या दाव्यात ठाण्याच्या कोर्टात साक्षीची तारीख लागली. समोरच्या वकिलाने फार काही विचारलं नाही. चष्मा पुसत म्हणाला, "तेव्हा खोटं बोललात, असं तुम्हीच म्हणता. मग आज खरं बोलताय कशावरून?"

गेटवर मला कधी उत्तर कमी पडलं नव्हतं. तिथे मी पाण्याच्या ग्लासाकडे बघत उभा राहिलो. न्यायाधीशांनी थोडा वेळ वाट बघितली, मग काहीतरी लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली.

उत्तर सुचलं ते परतीच्या एस.टी.त, भिवंडी मागे पडल्यावर. शेजारी बसलेल्या धाकट्याला मी घाईघाईने सांगितलं, की तेव्हा खोटं बोललो म्हणून नोकरी वाचली होती, आता खरं बोललो म्हणून गेली, हे सांगायला हवं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. उजवा हात त्याने सवयीने पिशवीखाली ठेवला होता.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "पन आता त्यांनी लिवून घेतला ना, भाऊ. पुन्ना इचारतील का तुमाला?"

मला माहीत नव्हतं. वकिलाला विचारतो, म्हटलं.